परदेशी शिक्षणाची वाट आता महाविद्यालयांनी मिळून रुंद करावी

जयंती आली की वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी मोठ्या अभिमानाने वाचली जाते. पण त्या मिळवताना वाटेत काय अडले आणि कोणी हात दिला, हे फारसे सांगितले जात नाही. ते सांगणे आज आम्हाला गरजेचे वाटते.

भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी वडील सुभेदार रामजी वारले. घराचा आधार गेला. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. जुलै 1913 मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. 1915 मध्ये एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला गाजलेला निबंध तेथे वाचला.

पुढचे दार उघडले ते एका पत्राने. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. एका विद्यापीठाने दुसऱ्याकडे शब्द टाकला. अस्पृश्याच्या मुलाला मायदेशात शाळेच्या माठाला हात लावता येत नव्हता, त्याच मुलासाठी दोन खंडांतले विद्वान पत्रव्यवहार करीत होते!

पण 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेला ग्रंथसंग्रह पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाला. बडोद्यात अधिकारी असूनही राहायला जागा मिळेना. मात्र लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. तिच्या भरवशावर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पै पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम. एस्सी., 1923 मध्ये डी. एस्सी., जोडीला बॅरिस्टरी आणि 1927 मध्ये कोलंबियाची पीएच. डी.!

राजाश्रय, शिफारस, सवलत आणि मित्राचे कर्ज यांतला एक दुवा निखळला असता तर? बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. म्हणून 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारी पैसा मिळवला. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. एका व्यक्तीच्या कृपेवर चाललेले काम त्यांनी संस्थांकडे सोपवले.

आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. तरी परभणी, हिंगोली, वाशीमचा मुलगा मागे का राहतो? कारण शिष्यवृत्तीआधी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात लागते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, हेतुपत्र आणि अर्जाची फी लागते. तालुक्याच्या महाविद्यालयात हे सांगणारा माणूस नसतो आणि एकट्या महाविद्यालयाला तो परवडतही नाही. पण शेजारच्या तीन-चार जिल्ह्यांतील महाविद्यालये एकत्र आली तर? एक सामाईक कार्यालय, एक पूर्णवेळ मार्गदर्शक, इंग्रजीचा एक वर्ग, परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची एक यादी, आणि खर्च सर्वांत वाटून! मराठवाड्यात पुढाकार घेण्याचा पहिला मान नागसेनवनाचा आहे.

एकजुटीचे आणखी एक कारण आहे. केंद्राने 2022 मध्ये आपल्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. म्हणजे जातीवर संशोधन करू पाहणाऱ्या भीमरावाला या नियमाखाली नकारच मिळाला असता! याविरुद्ध एकट्या विद्यार्थ्याचा अर्ज फायलीत पडून राहील. पन्नास महाविद्यालयांचा ठराव मात्र सरकारला वाचावाच लागेल.

आमच्या प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी येत्या जयंतीला पदव्यांची यादी जरूर वाचावी. पण त्याच मंचावर शेजारच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही बोलवावे आणि या कामाचा पहिला ठराव मांडावा. जयभीम!