मिस एमिली हॉबहाउस : शत्रूच्या लेंकरांची कैवारी

युद्ध सुरू झालें म्हणजे देशांतील बहुतेक लोक एका सुरानें बोलूं लागतात, आणि त्या सुरांत जो आपला सूर मिळवीत नाहीं त्यास देशद्रोही म्हणण्यांत येतें. अशा वेळीं शत्रूंवर प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा पाळणें किती कठीण असतें, आणि तरीहि थोडीं माणसें एकत्र येऊन तें कसें करूं शकतात, हें एमिली हॉबहाउस ह्या इंग्रज बाईंच्या चरित्रावरून चांगलें दिसून येतें.

एमिलीबाईंचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजीं इंग्लंडांत कॉर्नवॉल परगण्यांतील सेंट ईव्ह नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील त्या गांवचे पाळक होते व पुढें ते आर्चडीकन झाले. इ. स. १८८० मध्यें आई वारल्यावर घरचा सर्व भार एमिलीबाईंवर पडला. वडिलांची सेवा करणें आणि मंडळींतील गोरगरिबांच्या घरीं जाऊन त्यांची विचारपूस करणें, ह्यांतच त्यांचीं पुढचीं पंधरा वर्षें गेलीं. १८९५ मध्यें वडील निवर्तले, तेव्हां त्या अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतीं गेल्या व तेथें कॉर्नवॉलहून आलेल्या खाणीच्या मजुरांमध्यें त्यांनीं कांहीं काळ काम केलें. १८९८ मध्यें त्या स्वदेशीं परत आल्या.

ऑक्टोबर १८९९ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत ब्रिटिश सरकार आणि ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट हीं दोन बोअर राज्यें ह्यांच्यामध्यें युद्ध पेटलें. बोअर लोक बहुतेक डच वंशाचे, शेतीवर राहणारे व घरोघर पवित्र शास्त्र वाचणारे प्रॉटेस्टंट लोक होते. हें युद्ध अन्यायाचें आहे असें मानणारे कांहीं लोक इंग्लंडांत होते. त्यांनीं समेट घडवून आणण्यासाठीं एक कमिटी स्थापिली. पार्लमेंटचे सभासद लेनर्ड कोर्टनी हे तिचे पुढारी होते. तिच्या स्त्री-शाखेचें चिटणीसपण एमिलीबाईंकडे आलें.

हें काम पगाराचें नव्हतें व मानाचें तर मुळींच नव्हतें. पत्रें लिहावीं, पत्रकें वांटावीं, सभेसाठीं जागा मिळवावी, बोलणारीं माणसें शोधावीं, आणि खर्चासाठीं वर्गणी गोळा करावी, असें तें काम होतें. १३ जून १९०० रोजीं लंडन शहरांतील क्वीन्स हॉलमध्यें ह्या बायांनीं स्त्रियांची मोठी निषेधसभा भरविली. तींत युद्धाविरुद्ध ठराव झाले, व बोअर स्त्रियांविषयीं सहानुभूति प्रगट करणारा ठरावहि मंजूर झाला. पुढें जुलै महिन्यांत एमिलीबाईंच्या माहेरच्या मुलखांत, लिस्कर्ड गांवीं, अशीच सभा भरली. लॉइड जॉर्ज हेहि तेथें बोलावयास आले होते. परंतु युद्धाच्या आवेशानें भरलेल्या जमावानें आरडाओरड करून ती सभा उधळून लावली. ज्या लोकांमध्यें आपण लहानाच्या मोठ्या झालों त्यांच्याच तोंडून असे शब्द ऐकणें त्यांना किती जड गेलें असेल!

त्याच सुमारास बोअरांच्या शेतवाड्या ब्रिटिश सैन्य जाळीत आहे व बायका-मुलें उघड्यावर पडत आहेत, अशा बातम्या येऊं लागल्या. तेव्हां नुसत्या ठरावानें भुकेल्याचें पोट भरत नाहीं, हें एमिलीबाईंनीं ओळखलें. युद्धामुळें निराधार झालेल्या बायका-मुलांसाठीं त्यांनीं एक मदतफंड उभारला. क्वेकर मंडळीच्या लोकांनीं त्यांना चांगला हात दिला. मग जमलेल्या पैशाचा उपयोग स्वतः करावा, म्हणून ७ डिसेंबर १९०० रोजीं त्या एकट्याच जहाजानें निघाल्या. त्या वेळीं त्या चाळीस वर्षांच्या होत्या.

केप टाउनहून सर आल्फ्रेड मिल्नर व लॉर्ड किचनर ह्यांच्या परवानगीनें, अन्न व कपडे भरलेली एक वाघीण बरोबर घेऊन, २४ जानेवारी १९०१ रोजीं त्या ब्लूमफाँटेन येथें पोहोंचल्या. तेथील छावणींत बायका-मुलांना तंबूंमध्यें कोंडून ठेवलें होतें. ऊन कडक, पाणी अपुरें, सरपण थोडें आणि साबण मुळींच नाहीं, अशी तेथील अवस्था होती. गोंवर व विषमज्वर ह्यांनीं लेंकरें भराभर मरत होतीं. एमिलीबाई तंबूतंबूंतून फिरल्या, प्रत्येकीची हकीकत त्यांनीं लिहून घेतली, कपडे वांटले, आणि साबणासाठीं व पाणी उकळण्याच्या सोयीसाठीं अधिकाऱ्यांच्या मागें तगादा लावला. दुसऱ्या छावण्या पाहून त्या एप्रिलमध्यें तेथें परत आल्या, तों माणसांची संख्या सुमारें दुप्पट झालेली होती.

मे महिन्यांत त्या इंग्लंडास परतल्या आणि जूनमध्यें त्यांनीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत रागाचे शब्द थोडे व पाहिलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. त्यांनीं गांवोगांव सभा घेतल्या. कित्येक ठिकाणीं सभागृह मिळेना, आणि वर्तमानपत्रांनीं त्यांना देशद्रोही ठरविलें. तरी प्रकरण पार्लमेंटांत गाजलें, व सरकारनें मिसेस मिलिसंट फॉसेट ह्यांच्या अध्यक्षतेखालीं स्त्रियांचें एक चौकशीमंडळ पाठविलें. एमिलीबाईंना त्यांत घेतलें नाहीं. पण त्यांनीं सांगितलेल्या बहुतेक गोष्टी ह्या मंडळास खऱ्या आढळल्या. पुढें छावण्यांत सुधारणा झाली व मृत्यूंचें प्रमाण उतरलें. ऑक्टोबर १९०१ मध्यें त्या पुन्हां केप टाउनला गेल्या, तेव्हां त्यांना उतरूं न देतां बळजबरीनें दुसऱ्या जहाजावर चढवून परत पाठविण्यांत आलें.

३१ मे १९०२ रोजीं युद्ध संपलें. तोंपर्यंत ह्या छावण्यांत सुमारें २६,००० बोअर बायका-मुलें मरण पावलीं होतीं. काळ्या आफ्रिकन लोकांसाठीं निराळ्या छावण्या होत्या. त्यांत १४,००० हून अधिक मृत्यूंची नोंद आहे, व खरा आंकडा त्याहून मोठा असावा असें अभ्यासक मानतात. त्या छावण्यांत एमिलीबाई जाऊन काम करूं शकल्या नाहींत, व त्या मृतांसाठीं पुष्कळ वर्षें कोणी अश्रू ढाळले नाहींत, हेंहि खरेपणानें सांगितलें पाहिजे. परंतु १९१३ मध्यें ब्लूमफाँटेन येथें मृत बायका-मुलांचें स्मारक उघडण्याचा मान त्यांना मिळाला, तेव्हां लिहून पाठविलेल्या भाषणांत त्यांनीं काळ्या लोकांच्या दुःखाचीहि आठवण करून दिली, आणि स्वातंत्र्य सर्वांसाठीं असलें पाहिजे असें बोअरांना बजावलें. त्या आजारी असल्यामुळें तें भाषण दुसऱ्यानें वाचलें. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांचा सत्याग्रह चालू होता. तेव्हां त्यांनीं जनरल स्मट्स ह्यांना पत्र लिहून गांधीजींच्या मागण्यांचा विचार करण्याची विनंति केली. १९२६ मध्यें त्या वारल्यावर गांधीजींनीं आपल्या 'यंग इंडिया' पत्रांत त्यांच्याविषयीं आदरानें लिहिलें.

युद्ध संपल्यावरहि त्यांचें काम संपलें नव्हतें. १९०५ पासून उध्वस्त झालेल्या मुलखांतील बोअर मुलींसाठीं त्यांनीं सूत कातण्याच्या व विणण्याच्या शाळा काढल्या. पहिली शाळा फिलिपोलिस येथें निघाली. मग पहिलें महायुद्ध आलें. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील भगिनींना उद्देशून त्यांच्या पुढाकारानें एक नाताळपत्र लिहिलें गेलें. त्यावर १०१ ब्रिटिश स्त्रियांच्या सह्या होत्या, व तें जानेवारी १९१५ मध्यें प्रसिद्ध झालें. पुढें तिकडच्या १५५ स्त्रियांनीं त्याचें प्रेमळ उत्तर पाठविलें. युद्धानंतर जर्मनींतील लाइपझिग शहरांत उपाशी शाळकरी मुलांना रोज जेवण देण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें, आणि त्यासाठीं दक्षिण आफ्रिकेहून पैसा आला. एकेकाळीं ज्यांना अन्न मिळालें होतें, तेच आतां दुसऱ्यांना अन्न देऊं लागले.

म्हातारपणीं एमिलीबाईंजवळ कांहीं उरलें नव्हतें. हें कळतांच बोअर लोकांनीं लहान लहान वर्गण्या करून २,३०० पौंड जमविले, आणि त्यांतून १९२१ मध्यें त्यांनीं कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज येथें घर घेतलें. ८ जून १९२६ रोजीं लंडन येथें त्यांना देवाज्ञा झाली. त्यांची रक्षा ब्लूमफाँटेन येथें नेऊन त्या स्मारकाच्या पायथ्याशीं ठेवण्यांत आली.

प्रिय वाचकहो, आपल्या खेड्यांतील मंडळ्या लहान आहेत व आपली सत्ता कोठेंच चालत नाहीं, असें म्हणून आपण पुष्कळदां स्वस्थ बसतों. परंतु एमिलीबाईंजवळहि सत्ता नव्हती. चार बाया, एक वर्गणीची वही आणि खरें सांगण्याचें धैर्य एवढेंच होतें. ज्या स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळीं प्रभूसाठीं मूठभर धान्य बाजूस काढून ठेवतात त्यांना हा मार्ग अपरिचित नाहीं. मात्र ती मूठ केवळ आपल्या माणसांसाठींच उघडते कीं परक्यांसाठीं आणि वैऱ्याच्या लेंकरांसाठींहि उघडते, ह्याचा प्रत्येक मंडळीनें प्रार्थनापूर्वक विचार करावा.