माक्स वेर्थायमर

माक्स वेर्थायमर (जन्म : १५ एप्रिल, इ.स. १८८०, प्राग; मृत्यू : १२ ऑक्टोबर, इ.स. १९४३, न्यू रोशेल, अमेरिका) हे मानसशास्त्रज्ञ होते. वोल्फगांग क्योलर व कुर्ट कॉफ्का यांच्यासमवेत ते व्यूह मानसशास्त्राचे, म्हणजेच गेस्टाल्ट संप्रदायाचे संस्थापक मानले जातात. डोळ्यांसमोरील सुटे ठिपके, रेषा आणि रंगांचे डाग यांतून गट व आकृती कशा घडतात, या प्रश्नाची पहिली व्यवस्थित मांडणी त्यांनी केली.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

वेर्थायमर यांचा जन्म प्रागमधील जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. वडील विल्हेल्म हे व्यापारी शिक्षण देणारी शाळा चालवीत. प्राग विद्यापीठात माक्स प्रथम कायदा शिकू लागले. परंतु लवकरच ते तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राकडे वळले. तेथील अध्यापक क्रिस्टियान फोन एरेनफेल्स यांनी इ.स. १८९० मध्ये एक साधा पण अडचणीचा मुद्दा मांडला होता. एखादी चाल वरच्या पट्टीत गायली तर तिचा प्रत्येक स्वर बदलतो, तरीही चाल तीच राहते; मग ती चाल असते कोठे? पुढे बर्लिन येथे कार्ल श्टुम्फ यांच्याकडे काही काळ अध्ययन करून वेर्थायमर यांनी इ.स. १९०४ मध्ये व्यूर्त्सबुर्ग येथे ओस्वाल्ड क्युल्प यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय कायद्याशी नाते राखणारा होता : शब्दसाहचर्याच्या चाचणीवरून साक्षीदार काही लपवीत आहे का, हे ओळखणे. संगीताची त्यांना मोठी आवड होती. श्रीलंकेतील वेद्दा जमातीच्या संगीतावरही त्यांनी लेखन केले आहे.

फ्रँकफुर्ट येथील प्रयोग

इ.स. १९१० मध्ये सुट्टीसाठी रेल्वेने ऱ्हाईनच्या प्रदेशाकडे जात असता वेर्थायमर मध्येच फ्रँकफुर्टला उतरले आणि त्यांनी चित्रे फिरवून हालचाल दाखवणारे एक खेळणे विकत घेतले, ही कथा मानसशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. पुढील प्रयोग फ्रीड्रिख शूमान यांच्या प्रयोगशाळेत झाले. निरीक्षक म्हणून क्योलर आणि कॉफ्का लाभले; तिघांची आयुष्यभराची मैत्री येथेच जुळली.

प्रयोगात दोन रेषा एकापाठोपाठ एक क्षणभर दाखवल्या जात. दोहोंमधील अंतर सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाएवढे असल्यास त्या क्रमाने आलेल्या दोन रेषा दिसत. तिसाव्या भागाएवढे असल्यास दोन्ही एकाच वेळी दिसत. मधल्या टप्प्यात, सुमारे ६० सहस्रांश सेकंदाच्या आसपास, एकच रेषा एका जागेवरून दुसरीकडे सरकताना दिसे. अशी आभासी गती नवी नव्हती. जिग्मुंड एक्सनर यांनी इ.स. १८७५ मध्ये विजेच्या ठिणग्यांवर असेच निरीक्षण केले होते, आणि चित्रपट तर तिच्यावरच उभा आहे. भारतात याच सुमारास दादासाहेब फाळके वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर सलग दाखवीत होते.

वेर्थायमर यांचे वेगळेपण निष्कर्षात आहे. काही वेळा निरीक्षकांना सरकणारी वस्तू दिसत नसे, केवळ गती दिसे. या अनुभवाला त्यांनी ग्रीक अक्षरावरून फाय असे नाव दिले. जी गती दोन्ही रेषांपैकी एकीतही नाही, ती सुट्या वेदनांची बेरीज करून मिळणार नाही. विल्हेल्म वुंट यांच्या परंपरेत संवेदन हे मूलघटकांपासून रचले जाते असे मानत, इ.स. १९१२ च्या या शोधनिबंधाने त्या पायालाच हात घातला.

गटबांधणीचे नियम

इ.स. १९१६ पासून वेर्थायमर बर्लिनमध्ये होते. महायुद्धाच्या काळात त्यांनी एरिख फोन हॉर्नबोस्टेल यांच्यासह आवाजाची दिशा ओळखणारे लष्करी उपकरण तयार केले. आल्बर्ट आइनस्टाइन यांच्याशी त्यांचा स्नेह येथेच जुळला. नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीत विद्यार्थ्यांनी अडकवून ठेवलेल्या कुलगुरूंच्या सुटकेसाठी आइनस्टाइन, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न आणि वेर्थायमर असे तिघे रदबदली करण्यास गेले होते.

त्यांचा सर्वांत परिचित निबंध इ.स. १९२३ चा. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला घर, झाडे आणि आकाश दिसते. उजेडाच्या ३२७ छटा दिसत नाहीत, अशा अर्थाच्या निरीक्षणाने त्याची सुरुवात होते. पुढे ठिपक्यांच्या साध्या आकृत्या देऊन, कोणता ठिपका कोणाच्या सोबतीला जातो हे त्यांनी दाखवले. जवळचे ठिपके एकत्र येतात, हे सान्निध्य. सारख्या रंगाचे वा आकाराचे एकत्र येतात, हे सादृश्य. रेषा अचानक वळण्याऐवजी आपल्याच वळणाने पुढे जाते, हे सातत्य. आणि बंदिस्त होऊ पाहणारा आकार पूर्ण दिसतो, ही पूर्ती. एकत्र हलणाऱ्या गोष्टी एका गटात जातात, यास त्यांनी समान गती मानले. गवतात निश्चल बसलेला तित्तिर दिसत नाही आणि चालू लागताच दिसतो, तो याच कारणाने.

सान्निध्याचे उदाहरण वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या आसपासच्या वऱ्हाडी शिवारातही सापडते. चौफुलीवर लावलेल्या कपाशीत रोपांमधील आणि ओळींमधील अंतर सारखे असते. त्यामुळे डवरा उभा-आडवा दोन्ही दिशांनी चालतो, आणि पाहणाऱ्यालाही ओळी कधी उभ्या तर कधी आडव्या जुळलेल्या दिसतात. सोयाबीनच्या शेतात तासांमधील अंतर रोपांमधील अंतराहून बरेच अधिक असते. तेथे तासांखेरीज दुसरी रचना दिसतच नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत तर ही अनिश्चितताच उपयोगी पडते : समान अंतरावरचे ठिपके कोणत्याही जोडणीला तयार असतात, आणि रेष ओढली की गट ठरून जातो. जोडणीचा हा स्वतंत्र नियम वेर्थायमर यांच्या यादीत नाही. तो स्टीफन पामर आणि अर्विन रॉक यांनी इ.स. १९९४ मध्ये मांडला. देवनागरीची शिरोरेखा अक्षरांना शब्दात बांधते, ती याच नियमाने.

परीक्षेसाठी हे नियम यादी म्हणून पाठ केले जातात आणि त्यात मूळ मुद्दा हरवतो. वेर्थायमर यांच्या मते हे सर्व एकाच प्रवृत्तीचे आविष्कार होते : परिस्थितीत शक्य असलेली सर्वांत सुघटित रचना दिसणे. पूर्वानुभवाचा वाटा त्यांनी नाकारला नाही. मात्र तो दुय्यम मानला. आणखी एक गैरसमज असा की, संपूर्ण वस्तू भागांच्या बेरजेहून अधिक असते एवढेच ते सांगत होते. त्यांचे म्हणणे याहून कठोर होते. भाग कसा दिसेल हेच संपूर्णाच्या रचनेवर अवलंबून असते.

देशत्याग

इ.स. १९२९ मध्ये वेर्थायमर फ्रँकफुर्ट येथे प्राध्यापक झाले. हे पद त्यांना वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मिळाले. त्यांचे प्रकाशित लेखन थोडे होते, हे त्याचे एक कारण असावे. इ.स. १९३३ च्या आरंभी त्यांनी रेडिओवर हिटलरचे भाषण ऐकले आणि कुटुंबासह जर्मनी सोडली. एप्रिलमध्ये ज्यू प्राध्यापकांना पदांवरून दूर करणारा कायदा आला. सप्टेंबरमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च या संस्थेत शिकवू लागले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नव्या भाषेत अध्यापन सुरू करावे लागले, तेही पूर्वीसारखी प्रयोगशाळा नसताना. सॉलोमन ॲश आणि अब्राहम मास्लो यांच्यावर त्यांचा प्रभाव याच काळात पडला.

सर्जक विचारप्रक्रियेवरील त्यांचे पुस्तक मृत्यूच्या थोडेच दिवस आधी पूर्ण झाले आणि इ.स. १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ मुले सूत्राने काढतात की रचना पाहून, याचे त्यातील विवेचन शिक्षकांनी आजही वाचावे असे आहे. जर्मन मानसशास्त्र संघटनेने इ.स. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्मानपदक दिले. ते वुंट यांच्या नावाचे आहे.

मेंदू आणि बाह्यरेषा

गती दिसताना मेंदूतील दोन उत्तेजित जागांमध्ये एक प्रकारचा आडवा प्रवाह होत असावा, अशी कल्पना वेर्थायमर यांनी इ.स. १९१२ मध्येच मांडली होती. क्योलर यांनी तिचा विस्तार मेंदूतील विद्युत्क्षेत्रांच्या सिद्धांतात केला. हा सिद्धांत टिकला नाही. कार्ल लॅशली व सहकाऱ्यांनी इ.स. १९५१ मध्ये माकडांच्या दृष्टिबाह्यकावर सोन्याचा वर्ख ठेवून असे प्रवाह विस्कळीत होतील अशी योजना केली. तरीही माकडे आकृत्या ओळखत राहिली. पुढे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी ठरावीक कलाच्या रेषेला प्रतिसाद देणाऱ्या एकेकट्या पेशी दाखवल्या, तेव्हा सुट्या घटकांचीच बाजू जिंकली असे अनेकांना वाटले.

परंतु प्रश्न बाह्यरेषेने पुन्हा उभा केला. जेथे रेषाच नाही तेथे ती दिसते, हे शूमान यांनी इ.स. १९०० मध्ये नोंदवले होते. इटलीतील गाएतानो कानिझा यांनी इ.स. १९५५ मध्ये तीन कापलेल्या काळ्या वर्तुळांमध्ये उठणारा पांढरा त्रिकोण दाखवून हा आविष्कार सर्वपरिचित केला. इ.स. १९८४ मध्ये र्यूडिगर फोन डेर हाइट आणि सहकाऱ्यांना माकडाच्या दृष्टिबाह्यकाच्या दुसऱ्या क्षेत्रात, अशा आभासी रेषेलाही प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. म्हणजे पेशीचा प्रतिसाद तिच्या वाट्याच्या जागेत काय आहे यावरच ठरत नाही; भोवतालची मांडणीही तो ठरवते. इ.स. १९९३ मध्ये डेव्हिड फील्ड, अँथनी हेज आणि रॉबर्ट हेस यांनी विखुरलेल्या छोट्या रेषाखंडांतून माणसे वळणदार बाह्यरेषा कितपत शोधू शकतात हे मोजले. लगतच्या खंडांचे कल एकाच वळणाला धरून असतील तर रेषा उठून दिसते, कल आडवे झाले की ती गर्दीत विरते. सातत्याच्या नियमाला त्यामुळे मोजता येण्याजोगे रूप मिळाले.