सुंठ, शुंठी आणि वैद्य झांग झोंगजिंग

कॉलेज सुटल्यावर मी बेळगावातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात हिशेब लिहायला बसतो. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, पण गिऱ्हाइके निम्मी कानडी. त्यामुळे दोन्ही भाषा येणारा मुलगा म्हणून तिथे माझा थोडा मान आहे. गेल्या पावसाळ्यात एका वृद्ध बाईंनी शुंठी मागितली. मालककाका जेवायला गेले होते. मी बरणीतली सुंठ तोलून पुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी बाई पुडी घेऊन परत हजर! नातवाला सर्दी झाली होती आणि काढ्याला त्यांना ओले आले हवे होते. कानडीत आल्यालाही शुंठीच म्हणतात. वाळवली की ती ओण शुंठी. मराठीत मात्र सुंठ म्हणजे वाळलेलीच. काकांनी मुकाट्याने पैसे परत केले, बाईंना भाजी मंडईचा रस्ता दाखवला, आणि मग माझ्याकडे असे पाहिले की त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरे वाटले असते.

या फजितीनंतर वाचनालयात वैद्यकाच्या इतिहासाचे एक पुस्तक चाळताना एका चिनी वैद्याची गाठ पडली. सुमारे 1800 वर्षांपूर्वी हा गृहस्थ एका काढ्यात ओले आले आणि दुसऱ्यात सुंठ घालीत होता, आणि हा फरक का करायचा हे त्याला नेमके ठाऊक होते. त्याचे नाव झांग झोंगजिंग.

त्याचा जन्म इ. स. 150 च्या सुमाराचा, आजच्या हनान प्रांतातल्या नानयांग भागातला. काळ मोठा वाईट होता. हान घराण्याचे राज्य मोडकळीला आले होते. 184 मध्ये पिवळ्या फेट्यांचे बंड झाले. पाठोपाठ सरदारांच्या लढाया, दुष्काळ आणि साथी. झांगचे कुळ मोठे होते, दोनशेहून अधिक माणसांचे. 196 मध्ये जियानआन हा राजशक सुरू झाला, आणि त्यानंतर पुरती दहा वर्षेही गेली नाहीत तोच या कुळातली दोन तृतीयांश माणसे मेली. मेलेल्यांपैकी दहातली सात ‘शांगहान’ने गेली, असे त्यानेच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. शांगहान म्हणजे थंडीने झालेला घात. सर्दी, हुडहुडी, ताप इथून सुरुवात होऊन माणूस हातचा जातो, असे सगळे आजार त्या नावाखाली येत.

मी वाणिज्य शाखेचा. आकडे पाहिले की मांडून बघायची खोड. दोनशेपैकी सुमारे एकशे तेहतीस गेली, त्यातली नव्वदाच्या वर एकाच प्रकारच्या दुखण्याने. वैद्यकी जाणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत हे घडले. त्याच प्रस्तावनेत तो आपल्या काळच्या शिकलेल्या लोकांवर चिडलेला दिसतो. सगळे पैसा आणि पदवी यांच्यामागे, आणि दुखणे आले की गुडघे टेकतात; वैद्यही आजोबांची कृती तशीच पुढे चालवतात, नाडी नीट पाहत नाहीत, ही त्याची तक्रार होती. त्याने जुने ग्रंथ धुंडाळले, अनुभवाची औषधे जमवली आणि सोळा खंडांचा ग्रंथ लिहिला.

या ग्रंथातला पहिलाच काढा दालचिनीच्या कोवळ्या फांद्यांचा. तो मी आमच्या खतावणीसारखा उतरवून घेतला. फांद्या 3 लियांग (लियांग हे तिकडचे वजन), पिओनी नावाच्या फुलझाडाचे मूळ 3, ओले आले 3, भाजलेले जेष्ठमध 2 आणि 12 चिनी बोरे. यांची कामे अशी. दालचिनी शरीर उबदार करून घामाची दारे उघडते. पिओनी उलट बाजूने आवरते. घामाबरोबर अंगातला ओलावा वाहून जाऊ देत नाही. आले दालचिनीच्या बाजूचे, बोर पिओनीच्या बाजूचे, आणि जेष्ठमध दोन्ही पक्षांना धरून ठेवणारे. बाराव्या शतकात छंग वूजी या टीकाकाराने अशा काढ्यांतल्या औषधांना राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशी पदे लावून दाखवली. आमच्या दुकानात जेष्ठमध जवळजवळ प्रत्येक काढ्याच्या पुडीत पडते, ते चवीसाठी, अशी माझी समजूत होती. झांगच्याही निम्म्याहून अधिक काढ्यांत ते आहे.

खरी मौज पुढे आहे. हीच पाच औषधे. पण पिओनी तीनाऐवजी सहा लियांग केली की तो तापाचा काढा राहत नाही, पोटदुखीचा होतो. दालचिनी पाच केली की पोटातून छातीकडे काहीतरी उसळून येते अशा तक्रारीवर चालतो. भागीदार तेच, भांडवलाचे प्रमाण बदलले की पेढीचा धंदाच बदलतो! इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला भागीदारीच्या धड्यातसुद्धा मिळाले नव्हते.

काढा द्यायचा कोणाला, यावर त्याचा फार कटाक्ष. ताप आहे, पण घाम येतो आहे आणि वारा सोसवत नाही, अशाला हा काढा. ताप आहे, घाम मुळीच नाही, अंग ठणकते, धाप लागते, नाडी ताठ आहे, अशाला तो चालायचा नाही. तिथे माहुआंग. हे एफेड्रा जातीचे झुडूप. आपल्याकडे हिमालयात त्याची भावंडे वाढतात. माहुआंग आधी एकटे उकळून वरचा फेस काढून टाकायचा, मग दालचिनी, जर्दाळूच्या बियांचा गर आणि जेष्ठमध घालायचे. या काढ्यात आवरायला पिओनी नाही, म्हणून तो जोरकस. आणि म्हणूनच ज्याला घोळणा फुटतो, ज्याचे रक्त गेले आहे, त्याला देऊ नये असा इशारा आहे. आणखी एक गमतीची सूचना अशी की दारुड्याला दालचिनीचा काढा देऊ नये, कारण त्याला गोड सोसत नाही आणि तो ओकतो. हे लिहिणाऱ्याने पुष्कळ रोगी जवळून पाहिले असणार.

घेण्याची रीतही ठरलेली. काढा प्याल्यावर थोड्या वेळाने वाटीभर गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचे. अंगाला नुसता ओलावा सुटावा, पाण्यासारखा घाम निथळू नये. एका मात्रेने बरे वाटले तर उरलेला काढा घ्यायचा नाही.

झांग चांगशा इथला सुभेदार होता आणि कचेरीतच बसून रोगी तपासायचा, अशी परंपरा सांगते. इतिहासकारांना ती पटत नाही, कारण त्या काळच्या राजकीय इतिहासग्रंथांत त्याचे चरित्रच नाही. थंडीने कान फुटलेल्या गरिबांसाठी त्याने कानाच्या आकाराच्या करंज्या रश्शात शिजवून वाटल्या, ही कथाही लोकांनी मागाहून रचलेली दिसते. मला जास्त लागली ती वांग त्सान या कवीची हकिकत. ती तिसऱ्या शतकातल्या हुआंगफू मी या वैद्यकार लेखकाने दिली आहे. वांग वीस-बावीस वर्षांचा असताना झांगने त्याला सांगितले की तुझ्या अंगात रोग आहे, चाळिशीत भुवया गळतील आणि पुढे सहा महिन्यांत तू जाशील. पाच खनिजांचा अमुक काढा घे. तरुण कवीला ते रुचले नाही. त्याने काढा घेतला नाही आणि पुन्हा भेटल्यावर घेतला म्हणून सांगितले. झांगने चेहऱ्याकडे पाहूनच खोटे ओळखले. वांग 217 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी वारला, एवढे तर इतिहासातही आहे. त्या वेळच्या त्याच्या वयाचाच मी आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत आईला काढा प्यालो म्हणून सांगून तो मोरीत ओतणाऱ्यांपैकीही आहे.

झांगचा मृत्यू साधारण 219 मधला. ग्रंथ लढायांच्या धामधुमीत विस्कटला. वांग शूहे या राजवैद्याने तिसऱ्या शतकात थंडीच्या तापाचा भाग जुळवून ठेवला. तरी तो सर्वांच्या हाती नव्हता; सातव्या शतकातला सुन सिमियाव हा वैद्य तक्रार करतो की दक्षिणेकडचे गुरू झांगच्या कृती लपवून ठेवतात. म्हणजे धंद्यातली गुपिते तेव्हाही होतीच. सोंग घराण्याच्या काळात 1065 मध्ये सरकारी मंडळाने तो भाग तपासून छापला, आणि कसर लागलेल्या हस्तलिखितांत सापडलेला दुसरा भागही पुढे बाहेर आला.

जपानात हे काढे आजही चालतात. माहुआंगमधले एफेड्रिन हे द्रव्य 1885 मध्ये नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने वेगळे केले. ते श्वासनलिका मोकळी करते, तसेच हृदयाची गती आणि रक्तदाबही वाढवते. पुढे अमेरिकेत एफेड्राच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी, रोज आणि महिनोन्‌महिने, घेतल्या जाऊ लागल्या. माणसे दगावली, आणि 2004 मध्ये तिथल्या सरकारने अशा गोळ्यांवर बंदी घातली. झांगने ते झुडूप तापकऱ्याला दिले होते, इतर तीन औषधांबरोबर, आणि घाम सुटताच थांबवायला सांगून.