संत डॉन बॉस्को आणि त्यांचा मुलांचा बँड

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी मिरवणूक निघावी आणि तिच्या अग्रभागी बँड वाजावा, ही आपल्या लोकांची जुनी हौस आहे. बँड नसला तर सण सुना वाटतो. परंतु वाद्ये खाली ठेवल्यावर ती वाजविणारी मुले कोठे जातात, कोणाच्या संगतीस लागतात, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. ज्या सत्पुरुषाने हा विचार जन्मभर उराशी बाळगला, त्या संत योहान बॉस्को ह्यांचे अल्पसे चरित्र ह्या स्मरणिकेच्या वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांच्या शाळा, त्यांचे कारखाने व त्यांचा धर्मसंघ जगविख्यात आहेत. आम्ही येथे मुख्यतः त्यांच्या संगीताविषयी लिहिणार आहोत.

इटलीच्या उत्तरेस पिडमाँट प्रांतात बेक्की नावाची एक लहानशी वाडी आहे. तेथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी योहानाचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच पिता निवर्तला, आणि लेकरांचा सर्व भार माता मार्गारेटा हिच्यावर पडला. माता निरक्षर, पण देवाच्या भयात वागणारी व कष्टाळू होती. योहान जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून दोरीवरून चालण्यास व हातचलाखी करण्यास शिकला, आणि रविवारी शेजाऱ्यांस जमवून ते खेळ दाखवू लागला. मात्र खेळापूर्वी सर्वांनी प्रार्थना म्हणावी व चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकावे, असा त्याचा नियम असे. करमणुकीच्या दाराने मनुष्याला देवाच्या घरात नेता येते, ही खूण त्याला बाळपणीच सापडली.

पुढे तो गाणे व व्हायोलिन शिकला. सेमिनरीत शिकत असता सुट्टीत एका आप्ताच्या गावी संत बार्थोलोमेवच्या सणाला तो गेला होता. जेवण झाल्यावर मंडळींच्या आग्रहास्तव त्याने व्हायोलिन वाजविले. इतक्यात बाहेर अंगणात पावलांचा आवाज त्याच्या कानी पडला. पाहतो तो त्याच्या सुरांवर लोकांचा नाच रंगला होता. देवाच्या सेवेस वाहून घेतलेल्या आपल्या हातून हे घडावे, याचे त्याला इतके वाईट वाटले की घरी जाताच त्याने ते वाद्य तुडवून मोडून टाकले. वाचकांस ही गोष्ट कदाचित कठोर वाटेल. परंतु पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीज हिच्यात आहे.

५ जून १८४१ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि ते ट्युरिन शहरी राहू लागले. त्या काळी खेड्यापाड्यांतील मुले पोटासाठी ट्युरिनला येत, गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत, धुराडी साफ करीत, आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यांवर उनाडत. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, बार्थोलोमेव गारेल्ली नावाचा असाच एक पोरका मुलगा चर्चच्या सांक्रिस्तीत शिरला. मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला माघारी बोलाविले, मायेने जवळ घेतले आणि क्रुसाची खूण करण्यास शिकविले. तेथून त्यांच्या कार्याचा आरंभ झाला. एकाचे अनेक झाले. जागेसाठी पुष्कळ वणवण केल्यावर १८४६ च्या ईस्टर सणाला वाल्दोक्को येथे त्यांस एक ओबडधोबड छपरी मिळाली. त्याच वर्षी माता मार्गारेटा गाव सोडून मुलांचे अन्न शिजविण्यास व फाटके कपडे शिवण्यास तेथे येऊन राहिली.

ह्या मुलांस एकत्र ठेवावे कसे? उपदेशाने ती फार वेळ थांबणारी नव्हती. म्हणून डॉन बॉस्को ह्यांनी त्यांस संध्याकाळी गाणे शिकविण्यास आरंभ केला. ब्रोसिओ नावाचा एक निवृत्त शिपाई बिगूल घेऊन आला आणि लाकडी बंदुका देऊन त्याने मुलांची एक पलटणच उभी केली. एकदा त्यांच्या लुटुपुटीच्या लढाईत मातेने जपून लावलेली भाजीची बाग पार तुडविली गेली, आणि ती माउली कंटाळून गावी परत जावयास निघाली. पुत्राने एक शब्द न बोलता भिंतीवरील क्रुसाकडे बोट केले. ती समजली, आणि १८५६ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राबत राहिली. मुलांचा प्रत्येक बँड व प्रत्येक पलटण कोणातरी माउलीच्या तुडविलेल्या वाफ्यावर उभी असते, हे विसरू नये असे आम्हांस वाटते.

१८५५ च्या सुमारास पितळी वाद्यांचा बँड सुरू झाला. दिवसभर जोडे शिवणारी व कपडे बेतणारी मुले संध्याकाळी हाती कर्णे घेत. ह्या बँडचा खरा हंगाम म्हणजे ऑक्टोबर महिना. जपमाळेच्या राणीच्या सणासाठी डॉन बॉस्को मुलांस बेक्कीला नेत, आणि तेथून माँफेरातच्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून गावोगाव पायी हिंडवीत. पुढे पुढे ह्या मेळ्यात शंभरापर्यंत मुले असत. वेशीशी येताच बँड वाजू लागे, गाव लोटे, सकाळी मुले मिस्सेत गात, रात्री चौकात वादन व नाटक होई, आणि मग गवताच्या गंजीवर ती झोपी जात. गावकरी व धर्मगुरू प्रेमाने त्यांस जेऊ घालीत.

ह्या हंगामात कोणती ढाल जिंकली गेली नाही, पण जे लाभले ते ढालीहून मोठे होते. १८६१ साली लू गावी आलेला हा मेळा फिलिप रिनाल्दी नावाच्या पाच वर्षांच्या बालकाने पाहिला. तोच पुढे डॉन बॉस्को ह्यांचा तिसरा वारस झाला. १८६२ च्या फेरीत माँतेमान्यो गावचा लुईजी लासान्या त्यांच्या मागे आला, आणि तो दक्षिण अमेरिकेत बिशप झाला. १८६४ साली मेळा मोर्नेझे गावी पोहोचला. तेथे मरिया माझारेल्लो ह्या कुमारिकेची डॉन बॉस्को ह्यांच्याशी गाठ पडली, आणि १८७२ साली तिच्यासह त्यांनी मुलींसाठी धर्मभगिनींचा संघ स्थापिला. तीही आज संतपदी विराजमान आहे.

तथापि बँडचा मार्ग नेहमीच निष्कंटक नव्हता. वाहवा मिळू लागली की वादकांच्या मनात अहंकार शिरतो. संगीताची पालक संत सेसिलिया हिच्या सणाला बाहेर जाऊन मेजवानी करण्याची बँडच्या मुलांस चटक लागली होती. एके वर्षी डॉन बॉस्को ह्यांनी ती मनाई केली व घरातच जेवण देऊ केले. तरीही बहुतेक वादक त्यांची आज्ञा मोडून बाहेर गेले. बँडची व्यवस्था पाहणारा विश्वासू जुसेप्पे बुझेत्ती तेवढा मागे राहिला. कित्येक वर्षांच्या श्रमाने तयार झालेला, सणावारी ज्याच्यावाचून चालत नसे असा तो बँड होता. समोर दोन वाटा होत्या: वादनासाठी अवज्ञा पोटात घालावी, किंवा मुलांच्या हितासाठी वादन बंद करावे. डॉन बॉस्को ह्यांनी दुसरी वाट धरली. वाद्ये गोळा करून ठेवण्यास आणि नवी मुले निवडून पुन्हा पहिल्या सुरापासून आरंभ करण्यास त्यांनी बुझेत्तीस सांगितले.

तरुणपणी त्यांनी व्हायोलिन मोडले होते, आता बँड मोडला. पण ह्या दोहोंत एक भेद आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. व्हायोलिन मोडून ते थांबले, बँड मोडून ते थांबले नाहीत. दोष संगीताचा नव्हे, हे आता त्यांस पक्के उमगले होते. संगीताशिवाय मुलांचे घर निर्जीव होते असे ते मानीत. मात्र मुलगा बँडसाठी नसून बँड मुलासाठी आहे, हा क्रम त्यांनी कधी उलटू दिला नाही.

१८५९ साली त्यांनी आपला धर्मसंघ स्थापिला व त्याला संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचे नाव दिले. नागपूरचे कॅथेड्रल व १८७० पासूनची शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जातात, तेच हे सौम्यवृत्ती संत. १८७५ साली पहिले मिशनरी आर्जेंटिनास गेले, त्यांचा पुढारी योहान काल्येरो स्वतः संगीतकार होता. १९०८ साली ब्राझिलच्या अरण्यातील बोरोरो जमातीच्या मुलांचा बँड रिओ शहरातील राष्ट्रीय प्रदर्शनात वाजला. १९०६ साली हे मिशनरी तंजावरला आले, आणि भारतातही त्यांच्या कार्याने मूळ धरले. डॉन बॉस्को ३१ जानेवारी १८८८ रोजी देवाघरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, अकरावे पोप पायस ह्यांनी त्यांस संतपद अर्पण केले.

वाचकहो, हे चरित्र बुटीबोरीच्या वाचकांसाठी आम्ही मुद्दाम निवडले. नागपूर-वर्धा मार्गावरील ह्या गावी कारखाने उभे राहिले, आणि दूरदूरच्या खेड्यांतून तरुण मुले पोटामागे येऊ लागली. त्या काळचे ट्युरिन ह्याहून फार निराळे नव्हते. आपल्या मुलांच्या हाती कोणी ढोल-कर्णे दिले, त्यांस पावले मिळविण्यास शिकविले व स्पर्धेस नेले, तर ते काम पुण्याचेच होय. परंतु हंगाम संपल्यावर कपाटातील ढाली मोजण्याआधी मुले मोजावी. किती आली, किती टिकली, आणि जे आले नाहीत ते कोठे आहेत, हे विचारावे. जो आला नाही त्याच्या दाराशी जावे. सांक्रिस्तीतून हाकललेल्या एका पोरक्या मुलास माघारी बोलावून डॉन बॉस्को ह्यांनी कार्यास आरंभ केला होता. त्यांच्या मध्यस्थीने तशी दृष्टी आपणां सर्वांस लाभो, हीच ह्या ज्युबिलीच्या दिवशी आमची प्रभूचरणी प्रार्थना.