विल्हेल्म मायबाख : कार्बोरेटरमागचा माणूस

पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर, तरी जुन्या गाडीचं इंजिन वर-खाली होतंय? मी आधी कार्बोरेटर बघायला सांगतो. त्यामागचा माणूस म्हणजे विल्हेल्म मायबाख. जन्म १८४६, जर्मनीतलं हाइलब्रॉन. दहाव्या वर्षी पोरके झाले, रॉयटलिंगेनच्या अनाथाश्रमात वाढले. तिथेच डाइमलर भेटले आणि जोडी जमली. आधीच्या कार्बोरेटरमध्ये हवा पेट्रोलवरून जायची. मिश्रणाचा भरवसा नसे. १८९३ मध्ये मायबाख यांनी बारीक जेटमधून पेट्रोलचा फवारा हवेत सोडला. १९२९ मध्ये ते गेले, तत्त्व मात्र टिकलं. आजही जेट तुंबला, फ्लोटची पातळी उतरली किंवा गॅस्केटमधून हवा शिरली, की पेट्रोल कमी पडतं. म्हणून स्क्रू पिळण्याआधी या तीन जागा तपासा.