हेइनो लिप : एस्टोनियाचे गोळाफेकपटू

आमच्या विद्यार्थिबंधूंपैकीं ज्यांनीं क्रीडादिनीं लोखंडी गोळा हातीं घेतला असेल, त्यांस हा खेळ केवळ दंडाच्या बळाचा नव्हे हें ठाऊक असेलच. पुरुषांच्या स्पर्धेंतील गोळा ७.२६ किलो वजनाचा असतो, आणि सात फूट व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल न टाकतां तो फेकावा लागतो. पाय, कंबर, खांदा व मनगट यांचें बळ एका क्षणांत एकवटावें लागतें. या विद्येंत एके काळीं सबंध युरोपांत ज्यांस तोड नव्हती, त्या हेइनो लिप यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

लिप यांचा जन्म २१ जून १९२२ रोजीं बाल्टिक समुद्राकांठच्या एस्टोनिया या चिमुकल्या देशांत झाला. १९१८ सालीं स्वतंत्र झालेला हा देश १९४० मध्यें सोव्हिएट सत्तेखालीं गेला, पुढें जर्मनांच्या हातीं पडला व १९४४ मध्यें पुन्हां सोव्हिएट संघांत ओढला गेला. लिप यांची उमेदीचीं वर्षें अशा धामधुमींत गेलीं.

१९३६ पासून युरोपचा विक्रम जर्मनीच्या हान्स वोल्के यांच्या नांवें १६.६० मीटर असा होता. १९४७ सालीं लिप यांनीं तो मोडला, आणि १९५१ पर्यंत आपली मजल १६.९८ मीटरपर्यंत नेली. सतरा मीटरांस अवघे दोन सेंटिमीटर उणे! थाळीफेकींतही ते निष्णात होते. धांवणें, उड्या व फेकी मिळून दहा प्रकारांच्या दशविध स्पर्धेंतही त्यांचा दबदबा होता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत सोव्हिएट संघानें आपले खेळाडू धाडले नाहींत. तेथें अमेरिकेच्या सतरा वर्षांच्या बॉब मॅथायस यांनीं ७१३९ गुणांनीं दशविध स्पर्धा जिंकली. त्याच वर्षीं लिप यांनीं मायदेशीं राहून ७७८० गुण मिळविले. मैदान निराळें, दिवस निराळा, म्हणून लंडनला तेच जिंकते असें आम्ही म्हणत नाहीं. पण गोळाफेकींत तेथें दुसरा आलेला खेळाडू १६.६८ मीटरवर थांबला होता, हेंही ध्यानांत ठेवावें.

१९५२ चें ऑलिंपिक हेलसिंकीस, म्हणजे एस्टोनियापासून खाडीच्या पलीकडे सुमारें ८० किलोमीटरांवर, भरलें. या खेपेस सोव्हिएट संघ गेला. लिप मात्र घरींच राहिले. सरकारचा त्यांच्यावर विश्वास नसल्यामुळें त्यांस देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळत नसे. तेथें गोळाफेकींत तिसरें पदक १७.०६ मीटरांस मिळालें. तेव्हां लिप यांचें पदक हुकलें असें निश्चयानें म्हणवत नाहीं. हुकलें तें त्या वर्तुळांत उभें राहणें, आणि तें मोजण्यास फीत नाहीं.

एस्टोनिया १९९१ सालीं पुन्हां स्वतंत्र झाला. पुढल्याच वर्षीं बार्सिलोना येथील ऑलिंपिकांत त्या देशाचा संघ आपल्या निशाणाखालीं मैदानांत उतरला, तेव्हां तें निशाण सत्तर वर्षांच्या हेइनो लिप यांच्या हातीं होतें. ऑलिंपिकच्या मैदानावर खेळाडूंच्या रांगेंत त्यांचें पाऊल पडलें तें असें. २००६ मध्यें, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, ते निधन पावले.