देवळालीचे कापरेकर मास्तर

नाशिकजवळच्या देवळाली गावी १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक शाळेत गणित शिकवीत असत. शिक्षण बी. एस्सी. पर्यंतचे, पगार बेताचा. परंतु दिवसाचे काम आटोपले की त्यांची अंकांशी बैठक जमे.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच आई निवर्तली. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. तीच गोडी मुलास लागली. ठाण्याचे शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले.

कापरेकरांचे संशोधन वजाबाकी येणाऱ्या कोणासही समजावे असे आहे. त्यांच्याच जन्माचे वर्ष घ्या : १९०५. त्यातील अंक उतरत्या क्रमाने लिहिले तर ९५१०, चढत्या क्रमाने लिहिले तर ०१५९. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की ९३५१ उरतात. या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करीत गेल्यास ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४ येते. पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, ६१७४ हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत येथेच पोहोचते. मात्र एखादे उत्तर तीन अंकी आले, तर त्याच्या डावीकडे शून्य मांडून पुढे जावे.

हिमायतनगर येथे शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्या मुलांना मी रोज अशी एक संख्या फळ्यावर लिहून देत असे. प्रत्येक उत्तरातील अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसली पाहिजे, एवढे सांगून ठेवले होते. त्यामुळे हातचा कोठे चुकला हे मुलेच हुडकून काढीत. मला खडू हाती धरून नुसते उभे राहावे लागे.

ही गोष्ट कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. परंतु अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला व ते हसले. हे हसणे मास्तरांनी वर्षानुवर्षे सोसले. तरीही ते परिषदांना जात राहिले आणि आपले शोध लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापवून घेत राहिले. ज्याच्यामागे पदवीचे वजन नाही, त्याचे म्हणणे कानाआड करणे सोपे असते.

निवृत्तीनंतर १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. अंकांचा व्यासंग मात्र सुटला नाही. अखेर १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कार्याची ओळख करून दिली, आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव देशोदेशी पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

१९८६ साली देवळालीतच त्यांचा अंत झाला. ६१७४ या संख्येस जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.